पहिला विक्रम कोणी मान्यच केला नाही, मग या गड्यानं थेट ऑलिम्पिकमध्ये जाऊन हिशोब चुकता केला

आज ऑलिम्पिकमध्ये पोहण्याची शर्यत संपली की पोहणाऱ्याचा हात तलावाच्या भिंतीवरच्या पाटीला लागतो आणि त्याच क्षणी घड्याळ थांबतं. सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंतचा वेळ फलकावर झळकतो. विक्रम झाला असेल तर तो जागच्या जागी कळतो. वेळ खरा की खोटा, असा वाद कोणी घालत बसत नाही.

पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गोष्ट इतकी सोपी नव्हती. तेव्हा घड्याळ माणसाच्या हातात असायचं. त्यामुळे नुसतं वेगानं पोहून भागत नव्हतं, घड्याळ धरणाऱ्या माणसावर लांबच्या कार्यालयात बसलेल्या दुसऱ्या माणसांचा विश्वास बसावा लागायचा. हा विश्वास बसला नाही, म्हणून एका पोरानं केलेला विक्रम कागदावर चढलाच नाही.

त्या पोराचं नाव ड्यूक कहानामोकू. आज जग त्याला सर्फिंगचा म्हणजे लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याच्या खेळाचा जनक मानतं. पण त्याआधी तो जगातला सगळ्यात वेगवान पोहणारा होता. तीन सुवर्ण आणि दोन रौप्य अशी पाच ऑलिम्पिक पदकं त्याच्या नावावर आहेत. त्याचीच ही गोष्ट.

ड्यूक ही पदवी नव्हती, नाव होतं

ड्यूकचा जन्म २४ ऑगस्ट १८९० चा, होनोलुलूचा. होनोलुलू म्हणजे प्रशांत महासागराच्या मधोमध असलेल्या हवाई बेटांची राजधानी. आज हवाई हे अमेरिकेचं राज्य आहे, पण ड्यूक जन्मला तेव्हा ते एक स्वतंत्र राज्य होतं. त्याला स्वतःचा राजा होता, स्वतःचा झेंडा होता.

ड्यूक म्हणजे इंग्रजीत सरदार. त्यामुळे हा कोणी राजघराण्यातला असावा, असा समज परदेशात कायम व्हायचा. खरी गोष्ट साधी आहे. १८६९ मध्ये इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचा मुलगा आल्फ्रेड, म्हणजेच ड्यूक ऑफ एडिंबरा, हवाईत आला होता. त्या भेटीची आठवण म्हणून त्या वेळी जन्मलेल्या एका मुलाचं नाव ड्यूक ठेवलं गेलं. हा मुलगा पुढे पोलीस खात्यात लागला आणि त्यानं आपल्या थोरल्या मुलालाही तेच नाव दिलं. तो थोरला मुलगा म्हणजे आपला ड्यूक.

जाता जाता एक सांगायचं तर हाच राजपुत्र १८७० मध्ये मुंबईतही आला होता. रीगल सिनेमासमोर आज जिथे महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे ती इमारत मुळात खलाशांसाठी बांधलेली. तिची कोनशिला त्यानंच बसवली आणि तिला नावही त्याचंच दिलं गेलं. म्हणजे एकाच पाहुण्याच्या नावानं इकडे इमारत उभी राहिली आणि तिकडे बाप-लेकाची नावं पडली.

सहा भाऊ, तीन बहिणी असं मोठं कुटुंब. घर वायकीकीच्या किनाऱ्याजवळ. तिथल्या पद्धतीप्रमाणे पोराला उलांडीच्या होडीतून पाण्यात टाकून दिलं आणि तो पोहायला शिकला. शाळा अर्धवट सुटली. मग मिळेल ते काम करायचं आणि उरलेला वेळ समुद्रात काढायचा, असं त्याचं आयुष्य चाललं होतं.

दरम्यान त्याचा देशच बदलला. ड्यूक अडीच वर्षांचा असताना, जानेवारी १८९३ मध्ये, हवाईची राणी लिलिउओकलानी हिला गादीवरून खाली खेचण्यात आलं. हे काम करणाऱ्यांत साखरेच्या धंद्याशी नातं असलेले गोरे व्यापारी आणि वकील होते आणि त्यांच्या पाठीशी बंदरात उतरलेले अमेरिकी नौसैनिक होते. १८९८ मध्ये अमेरिकेनं हवाई बेटं आपल्या ताब्यात घेतली. म्हणजे ज्या देशाकडून ड्यूक पुढे ऑलिम्पिकमध्ये उतरला, तो देश त्याच्या आईबापांच्या राज्याचा घास घेऊन बसला होता. ही गोष्ट लक्षात ठेवली की पुढची गोष्ट नीट कळते.

बंदरातल्या त्या ५५.४ सेकंदांचं काय झालं?

ऑगस्ट १९११. अमेरिकेतल्या हौशी खेळांवर हुकूमत असलेल्या ॲमॅच्युअर ॲथलेटिक युनियन या संस्थेच्या मान्यतेनं हवाईत पहिल्यांदाच पोहण्याची स्पर्धा भरली होती. तलाव नव्हताच. होनोलुलू बंदरात दोन धक्क्यांच्या मधल्या खाऱ्या पाण्यात अंतर मोजून शर्यती लावल्या होत्या.

१०० यार्डांच्या म्हणजे साधारण ९१ मीटरच्या शर्यतीत २० वर्षांच्या ड्यूकनं उडी मारली. घड्याळं थांबली तेव्हा आकडा होता ५५.४ सेकंद. त्या वेळी मान्य असलेल्या विक्रमापेक्षा ४.६ सेकंदांनी कमी.

पोहण्यात ४.६ सेकंद म्हणजे किती, याचा अंदाज घ्या. जुना विक्रम करणारा पोहणारा त्याच पाण्यात, त्याच वेगानं ड्यूकच्या शेजारून पोहत असता, तर ड्यूकचा हात पलीकडे टेकला तेव्हा तो सुमारे सात मीटर मागे राहिला असता. विक्रम सहसा सेकंदाच्या दोन-पाच दशांशांनी मोडतात, असे सात मीटरनं नाही.

त्याच दिवशी ड्यूकनं २२० यार्डांचाही विक्रम मोडला आणि ५० यार्डांच्या विक्रमाची बरोबरी केली. निकाल अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पोचले आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी ते मान्य करायला नकार दिला. बेटावरच्या पंचांनी स्टॉपवॉचऐवजी गजराची घड्याळं वापरली असतील, अशी खिल्लीही उडवली गेली. मग बंदरातल्या प्रवाहानं मदत केली असणार, असं कारण पुढे आलं.

आता प्रवाहाची शंका अगदीच बिनबुडाची होती का? तर नाही. गणित करून बघा. प्रवाह सेकंदाला फक्त १० सेंटीमीटर, म्हणजे डोळ्यांना जाणवणारही नाही इतका संथ असला, तरी १०० यार्डांत साडेतीन सेकंदांच्या आसपास फरक पडू शकतो. म्हणूनच पुढे मोठ्या स्पर्धा समुद्रातून आणि नदीतून बांधीव तलावात आल्या.

पण शंका घेणं वेगळं आणि माणसालाच निकालात काढणं वेगळं. आणखी एक गोष्ट इथे समजून घ्यायला हवी. तेव्हाची स्टॉपवॉच सेकंदाचे पाचच भाग दाखवायची. त्यामुळेच त्या काळातले सगळे वेळ पाहिले तर त्यांच्या शेवटी .२, .४, .६, .८ किंवा शून्यच दिसतं. म्हणजे न्यूयॉर्कमधला पंच असो की होनोलुलूतला, दोघांच्या हातातलं यंत्र सारखंच होतं. फरक होता तो हाताचा. एका हातावर विश्वास होता, दुसऱ्यावर नव्हता.

मग ड्यूकपुढे एकच रस्ता उरला. जिथे विश्वास ठेवणारे पंच आहेत तिथे जायचं आणि तोच वेग पुन्हा दाखवायचा.

वर्गणी काढून पाठवलेला पोहणारा

पुढच्या वर्षी, १९१२ मध्ये, स्वीडनची राजधानी स्टॉकहोमला ऑलिम्पिक होतं. ड्यूककडे जायला पैसे नव्हते. होनोलुलूतल्या लोकांनी वर्गणी जमवली आणि त्याला बोटीनं अमेरिकेला पाठवलं.

तिथे गेल्यावर आधी अडचणीच आल्या. आयुष्यभर कोमट समुद्रात पोहलेल्या माणसाला थंड पाण्याच्या बंदिस्त तलावात उतरवलं. पिट्सबर्गला त्याच्या पायात गोळे आले. शिवाय तलावात दर काही यार्डांवर भिंत येते, तिथे वळायचं असतं आणि पायानं भिंतीला रेटा देऊन पुढे निघायचं असतं. बंदरात सरळ रेषेत पोहलेल्या ड्यूकला ही वळणं घेताच येत नव्हती. ती त्याला फिलाडेल्फियात जॉर्ज किस्टलर या प्रशिक्षकानं शिकवली. ती शिकून घेत त्यानं अमेरिकेच्या संघात जागा मिळवली.

ड्यूकचा वेग कशात होता, हेही इथेच बघू. तेव्हा क्रॉल म्हणजे आज आपण ज्याला सर्रास फ्रीस्टाइल म्हणतो ती पद्धत नवी होती. बरेच पोहणारे हातांवर भर द्यायचे आणि पाय ठरावीक वेळानं, कात्रीसारखे मारायचे. ड्यूकचे पाय मात्र सतत, झपाझप चालायचे. घोटे सैल, पावलं वल्ह्यासारखी. त्यामुळे त्याचं अंग पाण्यावर उंच तरंगायचं आणि पाण्याचा अडथळा कमी व्हायचा. हवाईच्या पोरांमध्ये हे पूर्वापार चालत आलेलं होतं, कुणा पुस्तकातून आलेलं नव्हतं. पुढे या पाय मारण्याच्या पद्धतीला कहानामोकू किक असंच नाव पडलं.

अमेरिकेचा संघ फिनलंड नावाच्या जहाजानं निघाला. जहाजावर तलाव कुठला? डेकवर ताडपत्रीचं एक छोटंसं टाकं बांधलं होतं. त्यात पोहणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचे आणि तो जागच्या जागी हातपाय मारायचा. अशा सरावावर ही मंडळी स्टॉकहोमला पोचली.

प्रतिस्पर्ध्यानं वाचवलेलं सुवर्णपदक

स्टॉकहोमला पोहण्याच्या शर्यती समुद्राच्या एका खाडीत झाल्या. १०० मीटरचं अंतर सरळ रेषेत आखलं होतं, मध्ये वळण नाही. ड्यूकला असंच पाणी हवं होतं. पहिल्याच फेरीत त्यानं १ मिनिट २.६ सेकंदांचा ऑलिम्पिक विक्रम केला. पुढची फेरीही सहज जिंकली.

आणि मग घोटाळा झाला. उपांत्य फेरीच्या वेळी ड्यूक आणि त्याचे दोन अमेरिकी सहकारी आलेच नाहीत. आता थेट अंतिम फेरीच आहे, असा त्यांचा आणि त्यांच्या संघाचा समज झाला होता. शर्यत त्यांच्याशिवाय लागली आणि संपली. नियमाप्रमाणे ते तिघेही बाद.

ज्याचा पहिला विक्रम मान्य झाला नाही, ज्याला लोकांनी वर्गणी काढून पाठवलं, तो गडी अंतिम शर्यत न पोहताच घरी परतणार, अशी वेळ आली होती. होनोलुलूच्या त्या ५५.४ सेकंदांवर मग कोणी कधीच विश्वास ठेवला नसता.

इथे या गोष्टीत सेसिल हीली येतो. हीली ऑस्ट्रेलियाचा. ड्यूक नसता तर सुवर्णपदकावर सगळ्यात मोठा हक्क त्याचाच होता. गप्प बसला असता तरी कोणी नावं ठेवली नसती. पण जगातला सगळ्यात वेगवान पोहणारा किनाऱ्यावर उभा असताना मिळालेल्या पदकाला अर्थ नाही, अशी भूमिका त्यानं घेतली आणि अमेरिकेच्या पोहणाऱ्यांना संधी द्यावी, यासाठी तो उभा राहिला. अखेर संयोजकांनी त्यांच्यासाठी जादा उपांत्य शर्यत लावली. अट अशी की, अंतिम फेरीत यायचं तर ठरावीक वेळेच्या आत पोहून दाखवायचं.

या जादा शर्यतीत ड्यूकनं १ मिनिट २.४ सेकंदांचा वेळ दिला. तो जागतिक विक्रमाच्या बरोबरीचा होता. अंतिम शर्यतीत तर त्यानं मध्येच मागे वळून इतर कुठे आहेत ते पाहिलं आणि वेग थोडा कमी केला, असं सांगतात. तरीही तो १ मिनिट ३.४ सेकंदांत पहिला आला. दुसरा कोण? सेसिल हीली, १ मिनिट ४.६ सेकंद.

४ बाय २०० मीटर रिलेमध्ये मात्र हीलीच्या संघानं सुवर्ण जिंकलं आणि ड्यूकच्या संघाला रौप्य मिळालं. हीली पुढे पहिल्या महायुद्धात लढायला गेला आणि २९ ऑगस्ट १९१८ रोजी फ्रान्समध्ये, युद्ध संपायला अडीच महिने उरले असताना मारला गेला.

ऑलिम्पिक संपल्यावर ड्यूक युरोपात आणखी काही ठिकाणी पोहला. २० जुलै १९१२ रोजी जर्मनीतल्या हॅम्बुर्गला त्यानं १०० मीटर १ मिनिट १.६ सेकंदांत पार केले आणि हा जागतिक विक्रम म्हणून रीतसर नोंदला गेला. होनोलुलू बंदरातल्या त्या दिवसाला तेव्हा जेमतेम एक वर्ष होत होतं. आता गजराच्या घड्याळांबद्दल बोलायला कोणी उरलं नव्हतं.

ऑस्ट्रेलियाची वारी

विक्रमवीर झाला म्हणून ड्यूकच्या खिशात पैसे आले, असं झालं नाही. तेव्हा ऑलिम्पिक फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं. खेळातून एक पैसा जरी घेतला तरी पदक जाण्याची भीती. याचं उदाहरण ड्यूकच्या डोळ्यांसमोर होतं. त्याच्याच संघातला जिम थॉर्प हा अमेरिकेचा मूलनिवासी खेळाडू. त्यानं स्टॉकहोमला दोन सुवर्णपदकं जिंकली होती. पण त्याआधी कधीतरी बेसबॉल खेळण्याचे थोडे पैसे घेतल्याचं उघड झालं आणि १९१३ मध्ये त्याची दोन्ही पदकं काढून घेतली गेली. ती त्याच्या हयातीत परत मिळालीच नाहीत.

म्हणून ड्यूक हौशीच राहिला. बोलावणं आलं की जायचं, पोहून दाखवायचं आणि परत यायचं. १९१४ च्या अखेरीस त्याला ऑस्ट्रेलियानं बोलावलं. २ जानेवारी १९१५ रोजी सिडनीत त्यानं १०० यार्ड ५३.८ सेकंदांत पोहून विक्रम केला. बंदरात केलेल्या आणि कोणी न मानलेल्या ५५.४ पेक्षाही हा वेळ कमी होता आणि इथे घड्याळं त्याच्या बेटावरच्या माणसांच्या हातात नव्हती.

याच दौऱ्यात त्यानं सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर एका लाकडी फळीवर उभं राहून लाटांवर स्वारी करून दाखवली. ही फळी त्यानं तिथेच लाकूड घेऊन स्वतः तयार केली होती. ती आजही तिथल्या जीवरक्षकांच्या क्लबानं जपून ठेवली आहे. आज सर्फिंग म्हटलं की ऑस्ट्रेलियाचं नाव आधी येतं. तिथे ते रुजलं त्यात या दौऱ्याचा वाटा फार मोठा.

तिसाव्या वाढदिवशी विक्रम आणि पाच दिवसांनी पुन्हा तीच शर्यत

ड्यूक ऐन भरात होता तेव्हा, १९१६ मध्ये, बर्लिनला ऑलिम्पिक व्हायचं होतं. महायुद्धामुळे ते रद्द झालं. पोहणाऱ्याच्या आयुष्यात २२ ते ३० ही वर्षं सोन्याची. ती अशीच गेली. युद्धाच्या काळात तो रेड क्रॉसच्या मदतीसाठी प्रदर्शनी शर्यती पोहत फिरला.

१९२० चं ऑलिम्पिक बेल्जियममधल्या अँटवर्पला झालं. शहर युद्धातून नुकतंच सावरत होतं. पोहण्यासाठी धड तलाव नव्हता. जुन्या खंदकासारख्या पाण्यात शर्यती लावल्या आणि ते पाणी इतकं थंड की बाहेर आलेल्या पोहणाऱ्यांना हुडहुडी भरायची.

२४ ऑगस्टला, नेमकं आपल्या तिसाव्या वाढदिवशी, ड्यूकनं १०० मीटरची अंतिम शर्यत १ मिनिट ०.४ सेकंदांत जिंकली. नवा जागतिक विक्रम. पण गोष्ट इथेही सरळ संपली नाही. ऑस्ट्रेलियाच्या विल्यम हेराल्डनं तक्रार केली की अमेरिकेच्या नॉर्मन रॉसनं त्याला पाण्यात अडवलं. तेव्हा पोहणाऱ्यांच्या मध्ये आजच्यासारखे दोर नसायचे, त्यामुळे असे वाद व्हायचेच. पंचांनी शर्यत पुन्हा घ्यायचं ठरवलं.

वादाशी ड्यूकचा काहीच संबंध नव्हता. तो या दोघांच्या पुढे होता. तरी पाच दिवसांनी, २९ ऑगस्टला, तो पुन्हा त्या गार पाण्यात उतरला आणि १ मिनिट १.४ सेकंदांत पुन्हा पहिला आला. दुसरा आला पुआ केआलोहा आणि तिसरा विल्यम हॅरिस. हे दोघंही हवाईचेच. नऊ वर्षांपूर्वी ज्या बेटावरच्या घड्याळांची टर उडवली गेली होती, त्या बेटानं १०० मीटरची तिन्ही पदकं नेली.

त्याच स्पर्धेत ४ बाय २०० मीटर रिलेत ड्यूकच्या संघानं १० मिनिटं ४.४ सेकंदांचा जागतिक विक्रम करत सुवर्ण जिंकलं.

मिनिटाची भिंत दुसऱ्यानं तोडली

आता ड्यूक आणि एक मिनिट यांच्यात ०.४ सेकंदांचं अंतर उरलं होतं. पण ते पार केलं दुसऱ्यानंच. १९२२ मध्ये जॉनी वाइसमुलर या १८ वर्षांच्या पोरानं १०० मीटर ५८.६ सेकंदांत पोहून दाखवले. हाच वाइसमुलर पुढे सिनेमातला टारझन म्हणून जगभर गाजला.

१९२४ चं ऑलिम्पिक पॅरिसला झालं. आता ५० मीटरचा बांधीव तलाव होता, मार्गिका आखलेल्या होत्या. म्हणजे प्रवाहाची शंका नाही आणि धक्काबुक्कीची तक्रारही नाही. ड्यूक ३४ वर्षांचा व्हायला महिना राहिला होता. अंतिम शर्यतीत त्याच्यासोबत त्याचा धाकटा भाऊ सॅमही होता.

वाइसमुलर ५९ सेकंदांत पहिला आला. ड्यूक १ मिनिट १.४ सेकंदांत दुसरा, सॅम १ मिनिट १.८ सेकंदांत तिसरा. जरा आकडे बघा. ड्यूकचा हा वेळ अँटवर्पच्या दुसऱ्या शर्यतीइतकाच आहे आणि ज्या वेळेवर त्यानं स्टॉकहोमला सुवर्ण जिंकलं होतं त्यापेक्षा तब्बल दोन सेकंदांनी कमी आहे. म्हणजे तो मंदावला म्हणून हरला नाही. बारा वर्षांत खेळच त्याच्या पुढे गेला होता आणि त्याला पुढे नेणाऱ्यांत तो स्वतःही होता.

घड्याळ नसलेली सगळ्यात मोठी शर्यत

पुढच्याच वर्षी जे घडलं त्याची नोंद कुठल्याही विक्रमांच्या वहीत नाही. ड्यूक तेव्हा कॅलिफोर्नियात राहत होता. सिनेमात छोटी-मोठी कामं मिळायची. मुख्य भूमिका त्याच्या वर्णाच्या माणसाला तेव्हाचं हॉलिवूड देत नव्हतं.

१४ जून १९२५. कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बंदराच्या तोंडाशी समुद्र खवळला होता. थेल्मा नावाची मासेमारीची बोट १७ जणांना घेऊन जात असताना लाटांनी उलटली. ड्यूक किनाऱ्यावरच होता. तो आपली फळी घेऊन त्या लाटांमध्ये घुसला. बुडणाऱ्यांना फळीवर ओढून घ्यायचं, किनाऱ्यावर आणायचं आणि पुन्हा जायचं. तीन खेपांत त्यानं आठ जणांना बाहेर काढलं. त्याच्या सोबत्यांनी आणखी चौघांना वाचवलं. पाच जण मात्र गेले.

या घटनेनंतर अमेरिकेतल्या जीवरक्षकांच्या लक्षात आलं की, जिथे होडी जाऊ शकत नाही आणि नुसता पोहणारा थकून जातो, तिथे फळी कामाला येते. कारण ती तरंगते, लाटेवरून वेगानं जाते आणि बुडणाऱ्याला धरायला आधार देते. तेव्हापासून बचावासाठी फळी ठेवण्याची पद्धत पसरत गेली.

मग पुढे?

हवाईत परतल्यावर तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकलेला हा माणूस काय करत होता? पेट्रोल पंप चालवत होता. हौशी खेळाडू राहण्याची किंमत ही अशी होती. पदकं घरात होती, पण घर चालवायला त्यांचा उपयोग नव्हता.

मग तो होनोलुलूच्या शेरिफपदाच्या निवडणुकीला उभा राहिला आणि निवडून आला. एकदा नाही, लागोपाठ तेरा वेळा. वडील पोलिसात होते, मुलगा शेरीफ झाला. १९४० मध्ये त्यानं नृत्यशिक्षिका असलेल्या नदीन अलेक्झांडरशी लग्न केलं. १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचं ५० वं राज्य झालं. त्यानंतर थोड्याच काळात शेरीफचं ते पदच रद्द झालं आणि ड्यूककडे बेटावर येणाऱ्या पाहुण्यांचं स्वागत करण्याचं काम आलं.

या कामात बोचणारं काही होतं का? नक्कीच होतं. आपलं राज्य ज्यांनी घेतलं त्यांच्याच पाहुण्यांना फुलांचे हार घालायचे. हवाईची सत्ता उलथवण्यात अमेरिकेचा हात होता हे मान्य करून तिथल्या संसदेनं माफीचा ठराव केला तो १९९३ मध्ये, म्हणजे ड्यूक जाऊन पंचवीस वर्षं झाल्यावर. ड्यूक स्वतः मितभाषी होता, कटुता दाखवण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. पण अमेरिकेच्या संघातून पोहतानाही जगानं त्याला ओळखलं ते हवाईचा माणूस म्हणूनच. हवाई नावाचं वेगळं काही आहे, हे अर्ध्या जगाला त्याच्यामुळे कळलं.

२२ जानेवारी १९६८ रोजी हृदयविकाराच्या झटक्यानं तो गेला. वय ७७. त्याची रक्षा वायकीकीच्या समुद्रात सोडण्यात आली. १९९० मध्ये, त्याच्या जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा, त्याच किनाऱ्यावर त्याचा पुतळा उभा केला. पुतळ्याची पाठ समुद्राकडे आहे, यावरून तिथल्या जुन्या लोकांनी नाराजी व्यक्त केली. कारण लाटांवर खेळणारा जाणता माणूस समुद्राकडे कधी पाठ करत नाही.

आज ड्यूकचा एकही विक्रम टिकून नाही. २०२४ मध्ये, पुन्हा पॅरिसलाच, चीनच्या पान झानलेनं १०० मीटर ४६.४० सेकंदांत पार केले. ड्यूकच्या अँटवर्पच्या विक्रमापेक्षा बरोबर १४ सेकंद कमी. हा आकडा भिंतीवरच्या पाटीनं नोंदवला. तरीही काहींनी हा वेळ खरा असू शकतो का, अशी शंका काढलीच. घड्याळ बदललं, पण कुठून आलेल्या माणसावर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न अजून पुरता संपलेला नाही.

आणि ते ५५.४ सेकंद? त्यांना तेव्हा ज्यांनी नाकारलं, त्या अधिकाऱ्यांची नावं आज कोणाला आठवत नाहीत. वायकीकीच्या पुतळ्याच्या हातांवर मात्र लोक रोज ताज्या फुलांचे हार घालून जातात.